हरणांची सुट्टी

४ ऑक्टोबर

विद्यापीठाचे व्हिटकॉम साहेब आज येऊन गेले. माझ्या खोलीत अजून आधीच्या मुख्याध्यापकांचीच खुर्ची आहे. ती मला उंच पडते. बोलताना पाय जमिनीला टेकत नव्हते, आणि ते त्यांना दिसलं असावं.

त्यांनी जे सांगितलं ते सरळ होतं. शाळा सरकारी पैशावर चालते, फी नाही, दार सगळ्यांना उघडं. पण चालवायची सनद विद्यापीठाची, आणि ती जूनमध्ये संपते. पुढची पाच वर्षं द्यायची की शाळेला कुलूप लावायचं, हे वसंतातल्या सरकारी परीक्षेवर ठरेल. अटी दोन. शंभरातल्या पंचाण्णव मुलांनी परीक्षेला बसलंच पाहिजे. आणि वर्षभरातली प्रगती आमच्या 'जुळ्या शाळां'च्या तोडीची हवी. जुळ्या म्हणजे आमच्यासारखीच मुलं असलेल्या. त्या यंत्र निवडतं. गरीब किती, गोरे किती, काळे किती, आशियाई किती, त्यावरून.

"आमच्यात गोरे किती?" मी विचारलं.

त्यांनी पान उलटलं. "शंभरात बासष्ट."

मधली सुट्टी चालली होती. खिडकीतून सगळं मैदान दिसत होतं. येमेनी पोरं, बंगाली पोरं, काळी पोरं, एका चेंडूमागे. मी म्हटलं, "साहेब, एक दाखवा."

ते उठून खिडकीशी गेले. मला वाटलं होतं हसतील. "सरकारच्या व्याख्येत अरब गोरे," ते म्हणाले. "व्याख्या माझी नाही."

जुळ्या शाळा सगळ्या उत्तरेला, जंगलात निघाल्या. गेल्या वर्षी आम्ही त्यांच्या बरेच मागे होतो.

५ ऑक्टोबर

शिक्षकांना सांगितलं. मसूदा आपा म्हणाल्या, "म्हणजे बातमी जुनीच. फक्त तारीख नवी." त्या चौथीला गणित शिकवतात. माझ्या आधीपासून इथे आहेत. ही खुर्ची त्यांना मिळेल असं पुष्कळांना वाटत होतं. त्यांनाही वाटत असणार.

घरी बाबांना 'गोरे बासष्ट' सांगितलं. बाबा सलत्यात, आमच्या येमेनी रश्श्यात, रोटी बुडवत होते. म्हणाले, "मी विमानतळावर उतरलो त्याच दिवशी गोरा झालो. कारखान्यातल्या मुकादमाला तेवढं कुणी कळवलं नाही."

१९ ऑक्टोबर

मसूदा आपा शनिवारी शाळेची किल्ली मागतात. कशाला म्हटलं तर म्हणाल्या, "गणिताला." दिली. नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

१५ नोव्हेंबर

मूर्खासारखी वागले, ते लिहून ठेवते.

जुळ्या शाळांपैकी सगळ्यात वरची पाहायला गेले. मुद्दाम न कळवता. त्यांची मुलं आमच्यासारखी नाहीत, हे डोळ्यांनी पाहून विद्यापीठाला लिहायचं, असा बेत होता. पहाटेची निघाले ती चार तास उत्तरेला. शेवटचा तास नुसती झाडं.

शाळा बंद. आज हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. तिकडे या दिवशी शाळाच नसते.

शाळेच्या जेवणघरात मात्र दिवा होता. केशरी जाकीट घातलेली एक धिप्पाड बाई तव्यावर धिरडी घालत होती आणि शिकारी रांगेत उभे होते. तीच मुख्याध्यापिका निघाली. वांडा कुबिश. मी कोण ते सांगितलं. तिनं माझ्या डोक्यावरच्या रुमालाकडे पाहिलं, मग रांगेकडे, मग परत माझ्याकडे.

"तुम्ही माझ्या जुळ्या?"

"यंत्र म्हणतं तसं."

"मग ताट घ्या. घरच्यांना रांग नसते."

रांगेतला एक जण म्हणाला, "वांडा, तुझी बहीण तुझ्यापेक्षा बरी दिसते." सगळे हसले. मीही.

बसून बोललो. तिची आजी आमच्या गावात वाढलेली. आमच्या शाळेमागच्या गल्लीतच, गावात सगळे पोलिश होते तेव्हा. आमच्या शाळेच्या इमारतीत आजीचं लग्न लागलं होतं; तेव्हा ते चर्चचं सभागृह होतं. "पोंचकी करणारी बेकरी आहे का अजून?" तिनं विचारलं. पोंचकी म्हणजे त्यांचे मुरांबा भरलेले गोड तळलेले गोळे. म्हटलं, आहे, पण आता तिथे रांगेत आम्हीच असतो.

निघताना मी विचारलं, एका दिवसाच्या शिकारीसाठी शाळा बंद ठेवणं परवडतं कसं? ती म्हणाली, "पूर्वीच्या साहेबांनी बंद ठेवली नव्हती. मुद्दाम त्याच दिवशी चाचणी ठेवायचे, म्हणजे पोरं येतील. कोण येतं? हरणं काही बदलली नाहीत. मग आम्ही तारीख बदलली."

गमतीशीर बाई. पण माझं काम काही झालं नाही. विद्यापीठाला लिहायला मुद्दा मिळाला नाही. तिची पोरंही गरीब आहेत. अर्ध्या घरांत गिरणी बंद पडल्यापासून काम नाही. तरी ती पुढे आणि आम्ही मागे.

२ डिसेंबर

रोज लिहायचं म्हणते पण दिवस संपतो तेव्हा हात उचलत नाही. हिवाळी चाचणी झाली. वाचन जागच्या जागी. गणित वर, चौथीचं तर बरंच. मी दर सोमवारी सगळ्या वर्गांत जाऊन मुलांना ध्येयाबद्दल सांगते, त्याचा परिणाम होत असावा.

१२ जानेवारी

परीक्षेच्या तारखा ठरवल्या. सरकारची मुदत ६ मे, शुक्रवारपर्यंत. एप्रिलभर रमजान. उपाशी पोटी एकाही पोराला बसवायचं नाही, हे माझं पक्कं. ईद सोमवारी, २ मेला येते. त्या दिवशी सुट्टी. मंगळवार ते शुक्रवार परीक्षा. लॅपटॉप थोडे, त्यामुळे वर्गांच्या पाळ्या लावायच्या तर चारही दिवस पूर्ण लागतात. बसतं बरोबर. मला स्वतःवर खूश व्हायला झालं.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मसूदा आपांनी हात वर केला.

"सोमवारी ईद धरली आहेस. कुणाची?"

"ईद ती ईद, आपा."

"बरं," त्या म्हणाल्या.

बैठकीत दरवेळी एक काडी टाकायचीच, अशी त्यांची सवय आहे.

९ फेब्रुवारी

आज पटनोंदणीचा दिवस. सकाळी बाबा म्हणाले, चहाच्या दुकानात सगळे एकच बोलतायत: पालकांनी फॉर्मवर 'गोरे' सोडून दुसऱ्या चौकोनात खूण करायची. म्हणजे यंत्र आपल्याला शहरातल्या शाळांचे जुळे करेल. त्यांच्या आम्ही पुढेच आहोत. शाळा वाचेल.

"कोण विचारणार आहे?" बाबा म्हणाले. "त्यांनी आम्हाला न विचारता गोरं केलं. आता आम्ही त्यांना न विचारता दुसरं काही होऊ."

खोटं नाही वाटलं. खरं तर बरंच खरं वाटलं. दुपारपर्यंत मनात घोळत होतं. पालकांना नुसता निरोप द्यायचा अवकाश.

दिला नाही. का, ते नीट सांगता येत नाही. त्या केशरी जाकिटातल्या बाईला आम्ही हरवू शकत नाही, म्हणून दुसरं कुणी हरवायला शोधायचं, हे मला जमेना. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "तुझ्या आईसारखी आहेस," आणि रागावले की नाही ते कळू दिलं नाही.

१९ मार्च

शनिवारी घरच्या चाव्या शाळेत राहिल्या म्हणून गेले. चौथीच्या वर्गात मसूदा आपा. मला वाटलं होतं त्यांच्या बंगाली मुलांसाठी चालवतात. खोली भरलेली होती. माझी भाची मागच्या बाकावर होती. तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. फळ्याजवळ डिमार्को नावाचा पोरगा अपूर्णांक समजावत होता आणि आपा मागे बसून सामोसा खात होत्या.

"चूक झाली तर सांगता का त्याला?" मी विचारलं.

"तो मला सांगतो," आपा म्हणाल्या. "बस की. का मुख्याध्यापिका शनिवारी गणित करत नाहीत?"

बसले नाही. काम होतं.

२१ एप्रिल

रमजान अर्ध्याहून जास्त झाला, वर्गात डुलक्या. मुदतीतले आधीचे दिवस घेतले नाहीत हे किती बरं केलं. व्हिटकॉम साहेबांचा फोन: हजेरीचं लक्षात आहे ना? पंचाण्णवच्या खाली गेलात तर न आलेल्यांचे गुण शून्य धरतात. म्हटलं, माझी मुलं परीक्षेला येतील, साहेब. ईदचे नवे कपडे घालून येतील.

१ मे, रविवार

दुपारी मक्केची बातमी आली. चंद्र दिसला. उद्या ईद. आईच्या पातेल्यात बिंत अल-सहन, ईदची मधाची पदरांची रोटी, लावायला घेतलं, मधाचा डबा काढला.

संध्याकाळी मसूदा आपांचा फोन.

"आमच्या मशिदीनं आत्ता सांगितलं. इथे चंद्र दिसला नाही. आमची ईद मंगळवारी."

मी म्हटलं, दिसला की, मक्केत दिसला.

"आम्ही इथला बघतो. दरवर्षी बघतो. तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. मी या गावात वाढले. दोन मशिदी, दोन चंद्र, दर दोन-तीन वर्षांनी एक दिवस पुढेमागे. लहानपणी आम्ही बंगाली मैत्रिणींना चिडवायचो की आमचं गोडधोड खाऊन झालं, तुम्ही बसा उपाशी. आणि तारखा ठरवताना ते माझ्या डोक्यात आलंच नाही. 'कुणाची,' त्यांनी विचारलं होतं.

शाळेतलं प्रत्येक चौथं मूल बंगाली. मंगळवारी ती आली नाहीत तर पाळ्या कोसळतात. उरलेल्या तीन दिवसांत आमच्या लॅपटॉपवर सगळे मावत नाहीत. पंचाण्णव विसरा.

मी म्हटलं, "आपा, सकाळची नमाज आटोपली की पाठवा. दोन तासांचं काम आहे. मी बस पाठवते."

"नाही."

"शाळा बंद पडेल."

"नजात, ऐक. माझी मुलगी तिसरीत आहे. तिच्या हातावर उद्या मेंदी काढायची आहे. ती ईदच्या दिवशी परीक्षेला बसणार नाही. मीही येणार नाही." आणि मग, फोन ठेवायच्या आधी, "मी जानेवारीत विचारलं होतं."

मी खूप काही बोलले. ते लिहीत नाही.

२ मे, सोमवार, ईद

नमाज. नवे कपडे. हसू येत नव्हतं. बाबांनी दोनदा विचारलं, मग सगळं सांगून टाकलं. वाटलं ते म्हणतील, बंगाल्यांनी एक दिवस तडजोड केली तर काय बिघडतं. ते मध चाटत बसले. म्हणाले, "तू दुसरीत होतीस तेव्हा ईदला परीक्षा होती. मी पाठवलं तुला. घाबरायचो तेव्हा सगळ्याला. बाईंनी तुला मोरीवर उभं करून हात घासायला लावले होते, शाई लावून आलीस म्हणून."

मेंदीच होती ती. जात नाही म्हणून मी रडले होते. मला आठवत होतं, पण बाबांना ठाऊक आहे हे माहीत नव्हतं.

दुपारी ही वही चाळली. जानेवारी वाचलं. मग नोव्हेंबर. हरणं काही बदलली नाहीत, मग आम्ही तारीख बदलली. मी तिथे 'गमतीशीर बाई' असं लिहून ठेवलंय.

वांडाला फोन केला. तिची परीक्षा एप्रिलमध्येच उरकली होती. मी लॅपटॉप मागितले. आधी लाज वाटली, कारण आमची प्रगती मोजायची ती तिच्याच शाळेशी. तसं बोलूनही दाखवलं.

"म्हणजे मी माझ्याच अंगावर काठी घेऊन येऊ?" ती म्हणाली.

"हो."

"किती काठ्या हव्यात?"

मग व्हिटकॉम साहेबांना निरोप लिहिला की मंगळवारी सगळ्यांनाच सुट्टी, परीक्षा बुधवारपासून. बर्फासाठी राखलेल्या सुट्ट्यांतली एक शिल्लक होती, ती घेतली. कारणाच्या रकान्यात नियम असा की कारण शाळेच्या ताब्याबाहेरचं हवं. मी लिहिलं: चंद्र दिसला नाही.

शेवटचा फोन मसूदा आपांना. नीट शब्द जुळवून ठेवले होते. त्या मधेच म्हणाल्या, "ईद मुबारक. उद्या शेमाई खायला ये. बाबांनाही आण."

३ मे

ऊन. बर्फाची सुट्टी.

आमच्या गल्लीत पोरांना दुसऱ्या दिवशीही ईद मिळाली, त्यामुळे ती बंगाली गल्लीत जाऊन त्यांचीही ईदी वसूल करत होती. बाबा म्हणाले, "इतकी वर्षं आपण कसे हुशार, आपली ईद आधी, असं म्हणत होतो. यांची नंतरची जास्त बरी, दोन्ही खाता येतात."

आपांकडे शेमाई, म्हणजे दुधातल्या शेवया. त्यांची मुलगी सगळ्यांना हात दाखवत होती. आपा परीक्षेचं नवं वेळापत्रक करूनच बसल्या होत्या, तीन दिवसांचं, दुप्पट लॅपटॉपचं. कधी केलं म्हटलं तर माझी वाटी पुन्हा भरली. मी त्यात दोन किरकोळ बदल सुचवले. त्यांनी एक घेतला.

वांडा दुपारी आली. तिच्या ट्रकमध्ये मागे, जिथे हरीण टाकून आणतात, तिथे ताडपत्रीखाली लॅपटॉप. शाळेत शिरल्यावर ती काही वेळ नुसती वर छताकडे बघत उभी राहिली. मग आपांनी तिच्या हातात शेमाईची वाटी दिली, आणि ती म्हणाली, "चमचा?"

पोंचकी घेऊन गेली. एक खोकाभर.

६ मे, शुक्रवार

संपलं. तीन दिवस. तिसरी-चौथीच्या मुली मेंदीच्या हातांनी कळा दाबत होत्या. हात धुवायला कुणी सांगितलं नाही.

हजेरी शंभरात अठ्ठ्याण्णव. शेवटच्या दिवशी डिमार्को तापातून उठून आला. आई म्हणाली, मी नको म्हणत होते, हा म्हणाला मसूदा बाई एकट्या पडतील.

१४ जून

व्हिटकॉम साहेब स्वतः आले. उभ्यानंच सांगितलं. सनद, पाच वर्षं.

मग बसले आणि कागद काढले. गणितात जुळ्या शाळांना मागे टाकलं, एक सोडून सगळ्यांना. वाचनात बरोबरी. चौथीचं गणित जुळ्या शाळांत सगळ्यात वरचं. मी विचारलं, ती एक शाळा कोणती? त्यांनी बोट ठेवलं. मला माहीत होतं.

दार उघडं होतं. बाहेर आपा उभ्या होत्या, काही काम नसल्यासारख्या. मी मान हलवली. त्यांनी आधी पदर डोळ्यांना लावला आणि मग धावत शिक्षकांच्या खोलीकडे गेल्या. त्यांना धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. तिकडून जो आवाज उठला त्यानं वर्गातली पोरं बाहेर आली, आणि कुणी काही सांगायच्या आतच तीही ओरडायला लागली. मैदानापर्यंत आवाज गेला. मैदानातून गल्लीत. बाबा चहाच्या दुकानातून चालत आले, अंगरख्यावर चहा सांडलेला, मागे सगळं दुकान.

व्हिटकॉम साहेबांना मंडळाला द्यायच्या अहवालात एक ओळ भरायची होती. पेन उघडून म्हणाले, "प्रगतीचं कारण? काय लिहू?"

मी सोमवारच्या भाषणांबद्दल सांगणार होते. मग शनिवारची ती खोली आठवली, आणि फळ्याजवळ उभा राहिलेला पोरगा.

"मसूदा चौधरी लिहा," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं. "आणि हजेरीचं?"

"हरणं."

त्यांनी वर पाहिलं. मी गंभीर होते. त्यांनी तेही लिहिलं.

१८ जून

आज शनिवार. पुढच्या वर्षाच्या तारखा ठरवायला बसलो, मी आणि आपा. ईदला दोन्ही दिवस सुट्टी. वांडाला संदेश पाठवला: पुढच्या वर्षी आम्ही तुला गाठतो. उत्तर आलं: ये की, मी पुढेच उभी आहे.

मग आपा म्हणाल्या, डिमार्कोच्या आईनं इस्टरनंतरच्या सोमवारच्या सुट्टीचं विचारलं होतं, त्या दिवशी त्यांचं सगळं घर आजीकडे जमतं. मी म्हटलं, "कधी विचारलं?"

"दरवर्षी विचारते."

पेन्सिल त्यांच्याकडे सरकवली. मग खुर्चीही. ती त्यांना बरोबर बसते.